गायन पार्टीला साउंड कोणता घ्यावा?

आमच्या गोरेगावात जयंती आली की आवाजाला तोटा नसतो. तोटा असतो शब्दांना. चौकातल्या मोठ्या जयंतीचे सोडा, पण वर्षावासातले रविवार, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन असे चाळीस-पन्नास माणसांचे कार्यक्रम आपल्या वस्त्यांत वर्षभर चालू असतात. एक पेटी, एक ढोलकी, तुणतुणे, झांज आणि दोन गायक एवढीच पार्टी. तिच्यासाठी विहाराचा स्वतःचा साउंड घ्यायचे ठरले आणि वर्गणीतून पंचवीस हजार रुपये बाजूला काढले. हिशेबाची वही आमच्याकडे, म्हणून चौकशीही आमच्याकडेच आली.

तरुण मंडळींचे म्हणणे सरळ होते. जास्त वॅट आणि दणदणीत बेस. आमचे शाहीरकाका अडुसष्ट वर्षांचे. बैठकीत ते एवढेच म्हणाले, "मागं बसलेल्या बायांना गाण्यातला शब्द कळत नसेल, तर मी घसा कशाला फोडू?" भाड्याच्या साउंडशी झगडून त्यांचा घसा वारंवार बसत होता आणि पुढच्या वर्षी गाणे थांबवतो, असे ते बोलू लागले होते. वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्या गाण्यात तर सगळी धार शब्दाला आहे. तो ऐकू आला नाही तर उरते ती नुसती ढोलकी.

मग आम्ही दोन शनिवार स्लो लोकलने ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडची दुकाने पालथी घातली. वॅटचा हिशेब व्याजाच्या हिशेबासारखा नाही, हे तिथे कळले. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो, आणि ऐकणाऱ्याला तो जेमतेम जास्त वाटतो. उलट तोंडापासून एक फुटावरचा माइक अर्ध्या फुटावर आणला की सुमारे सहा डेसिबल मिळतात, तेही फुकट!

भोंगा स्वस्त पडतो आणि भाषण लांबवर नेतो. पण ढोलकीची धूम आणि पेटीचा खर्ज त्यातून निघत नाही. हल्ली चाकांचे बॅटरीवाले ट्रॉली स्पीकर मिळतात. लाइट गेली तर कामाला येतात, पण सोबतचा माइक बहुधा सुमार असतो. शिवाय गायकाचा आवाज ब्लूटूथवरून घेतला तर तो मागे पडतो आणि ताल बिघडतो. गाण्याला वायरच बरी.

शेवटी आम्ही साठ वॅटचा मिक्सर अॅम्प्लिफायर, दोन कॉलम स्पीकर, तीन साधे डायनॅमिक माइक आणि स्टँड घेतले. अॅम्प्लिफायर अहुजाचा. ही कंपनी 1940 सालची, आणि दुरुस्ती करणारा माणूस उपनगरातही सहज मिळतो. गरिबाच्या खरेदीत हा गुण वॅटपेक्षा मोठा, असे आमचे मत आहे. माइक समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड घ्यावा. कॉलममध्ये लहान स्पीकर एकावर एक असल्याने आवाज छताला न जाता माणसांकडे जातो. आमच्या विहाराला वर पत्रा आणि खाली लादी, म्हणून हे महत्त्वाचे. सतरंज्या अंथरल्या की घुमणे आणखी कमी होते. एक सावधगिरी मात्र हवी. अॅम्प्लिफायरच्या मागे ओहमचे आणि 100 व्होल्टचे असे वेगवेगळे जोड असतात. स्पीकर कोणत्या जोडाचा ते पाहूनच वायर लावावी, नाहीतर स्पीकर जळतो.

माणसे सर्वांत जास्त चुकतात ती मांडणीत. स्पीकर गायकांच्या पाठीशी ठेवतात आणि मग शिट्टी वाजते. स्पीकर गायकांच्या पुढे, तोंड लोकांकडे हवे. चालू माइक दुप्पट केले की शिट्टी तीन डेसिबल आधीच गाठते, म्हणून प्रत्येकाला माइक देण्याचा मोह आवरावा. लहान विहारात ढोलकीला माइक लागतच नाही. पेटीला लागतो, पण पुढून लावला तर सुरांआधी भात्याची फसफस ऐकू येते, कारण भाता श्रोत्यांच्या बाजूला असतो. माइक बाजूने, वरून, वीतभर अंतरावर धरावा.

कायद्याचेही भान हवे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देते, ते वेगळे.

वर्षावासाच्या पहिल्याच रविवारी काका दीड तास गायले. दाराशी बसलेल्या एका आजीने तिसरे कडवे पुन्हा म्हणायला लावले. तरुणांना बेस कमी वाटला, तसे त्यांनी बोलूनही दाखवले.

तुणतुण्याचे मात्र अजून जमलेले नाही. त्याची तार छेडताक्षणी विरते. वेगळा माइक दिला तर शिट्टी, नाही दिला तर ढोलकी त्याला खाऊन टाकते. सध्या तुणतुणेवाल्या दादांना काकांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्याच माइकजवळ बसवतो. कोणाच्या पार्टीने यावर तोड काढली असेल तर जरूर कळवावे.