पैसे दिसूनच नाही राहिले

“भाऊ, पैसे दिसूनच नाही राहिले.” नागपुरात डेस्कटॉपवरचं क्रिप्टो वॉलेट बिघडलं की तक्रार बहुधा याच शब्दांत येते. माझं मूळ काम कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीचं. पण 2017 च्या लाटेत थोडं बिटकॉइन घेऊन विसरून गेलेले प्राध्यापक, पुण्या-बंगळुरूच्या मुलानं लावून दिलेलं सॉफ्टवेअर सांभाळणारे निवृत्त काका, इतवारीतला एखादा व्यापारी अशी मंडळी आता अधूनमधून येतात. आवाजात धास्ती असते. तोवर घरात एकदा भांडण होऊन गेलेलं असतं.

त्यांना आधी खुर्चीवर बसवून एक गोष्ट सांगावी लागते. वॉलेटमध्ये नाणी नसतातच. तिथं असते फक्त किल्ली, म्हणजे एक भलामोठा गुप्त आकडा. नाणी असतात ब्लॉकचेन नावाच्या खातेवहीतल्या नोंदींत, आणि त्या वहीच्या प्रती जगभर हजारो कॉम्प्युटरांवर ठेवलेल्या असतात. प्रत सांभाळणारा असा कॉम्प्युटर म्हणजे नोड. वॉलेट कुठल्या तरी नोडला विचारतं आणि मिळालेलं उत्तर स्क्रीनवर मांडतं. पूर्वी तलाठी जागेवर नसला की सातबाऱ्याचा उतारा मिळत नसे, म्हणून शेत कुठं जात नसे. शिल्लक शून्य दिसली तर प्रश्न दोनच: किल्ली शाबूत आहे का, आणि वॉलेट नेमकं कुणाला विचारतंय?

किल्लीचा घात बहुतेक वेळा दुरुस्तीतच होतो. कॉम्प्युटर मंद झाला की ‘फॉर्मॅट मारून घ्या’ हा आपल्याकडचा रामबाण उपाय. दुकानातला पोरगा प्रामाणिकपणे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो बाजूला काढतो, मग सी ड्राइव्ह पुसून नवीन विंडोज टाकतो. बिटकॉइन कोअर या वॉलेट सॉफ्टवेअरची किल्ली ठेवणारी ‘वॉलेट डॉट डॅट’ ही फाइल मात्र नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये सी ड्राइव्हवरच, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी उचलत नाही. माझ्याकडे मशीन आलं की आधी ती फाइल दोन पेन ड्राइव्हवर उतरवतो, तोवर एकही बटण दाबत नाही. गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

आता दुसरा प्रश्न. 2011 पासून चालत आलेलं इलेक्ट्रम हे हलकं वॉलेट. ते स्वतः खातेवही ठेवत नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारतं. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक गोल असतो. हिरवा असेल तर जोडणी आहे, लाल असेल तर नाही. लाल असला तर कधी तो सर्व्हरच बंद पडलेला असतो, कधी अँटिव्हायरस आडवा येतो, कधी ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कनं 50002 क्रमांकाचा पोर्ट अडवलेला असतो. त्या गोलावर क्लिक करून दुसरा सर्व्हर निवडायचा, नाही जमलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहायचं. यात फारशी विद्या नाही.

खरी विद्या लागते ती बिटकॉइन कोअरला, कारण तिथं नोड आपल्याच टेबलाखाली असतो. 3 जानेवारी 2009 च्या पहिल्या ब्लॉकपासूनची सगळी वही तो उतरवून घेतो आणि ओळ न् ओळ तपासतो. वहीचा आकार आता 600 जीबीच्या पुढे गेलाय. माझ्याकडे आलेला असाच एक जुना डेस्कटॉप सांगण्यासारखा आहे. तो काही वर्षं माळ्यावर पडून होता. सुरू केल्यावर कोअरनं तक्रार केली, की साठवलेल्या वहीत भविष्यकाळातला ब्लॉक दिसतोय, कॉम्प्युटरची तारीख तपासा, आणि ती बरोबर असल्याची खात्री असेल तरच वही पुन्हा बांधा. घरातल्या भाच्यानं पुढची अट न वाचता वही बांधायला घेतली. पंखा रात्रभर घरघरला आणि सकाळी मोजणी एक लाख साठ हजाराच्या आसपासच्या ब्लॉकवर येऊन थांबली. शिल्लक शून्य.

दोष निघाला मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर-2032 हा तो सेल, पन्नासेक रुपयांचा. तो मेला की मशीन स्वतःच्या जन्माच्या सुमाराची तारीख धरतं. या मशीननं 1 जानेवारी 2012 धरली होती. नोडचा नियम असा, की आपल्या घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढच्या वेळेचा ब्लॉक नाकारायचा. त्यामुळे 2012 नंतरचं सारं जग त्यानं इमानदारीत नाकारलं होतं, आणि या गृहस्थांनी नाणी घेतली होती 2017 मध्ये. ब्राउझरही प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध म्हणून ओरडत होता. तिथंच शंका यायला हवी होती. सेल बदलला, तारीख लावली, मोजणी पुढे सरकली.

पण जुनी फिरणारी हार्ड डिस्क असली तर हे सरकणं आठवडेच्या आठवडे चालतं. बारीक बारीक नोंदी डिस्कभर विखुरलेल्या असतात, सुई इकडून तिकडे धावत राहते. एसएसडी घातली आणि सेटिंगमधला डेटाबेस कॅश 450 एमबीवरून रॅम पाहून चार-सहा जीबीवर नेला तर तेच काम खूपच लवकर आटोपतं. उलट लोक पैसे घालतात भलतीकडेच. “नोड जोडला जाऊन नाही राहिला” म्हणून इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी विकत घेतात, राउटरमध्ये 8333 पोर्ट उघडत बसतात. हे सगळं बाहेरच्यांना आपल्याकडे येता यावं म्हणून लागतं. आपला नोड स्वतःहून दहा जोडण्या बाहेर करतो, आणि शिल्लक पाहायला तेवढ्या पुरतात. कंपनीनं शंभर घरांना मिळून एकच आयपी दिला असला तरी त्या होतात.

विदर्भातला नोडचा खरा शत्रू म्हणजे मे-जूनची वावधन. धूळ उठते, फांदी तारेवर पडते, लाइट जाते आणि लिहिता लिहिता डेटाबेस फाटतो. यूपीएस हवाच. पण तो दहा मिनिटांचा वेळ देतो तो कोअर नीट बंद करण्यासाठी, काम चालू ठेवण्यासाठी नाही. बंद करताना ‘ही खिडकी जाईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका’ अशी सूचना येते. कॅश मोठा असेल तर ती बराच वेळ राहते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी मेन स्विच पाडतं.

कधी जोडणी ठीक असते, तरी शून्य. किल्ली परत उभी करणारे बारा शब्द एका वॉलेटनं दिलेले आणि टाकले दुसऱ्यात, असा तो प्रकार. बहुतेक वॉलेटं 2048 इंग्रजी शब्दांच्या एकाच यादीतून शब्द देतात, पण इलेक्ट्रमची पद्धत वेगळी, आणि त्याच शब्दांतून पत्ते काढण्याच्या वाटाही वेगवेगळ्या. वाट चुकली की रिकामं घर दिसतं. मूळ सॉफ्टवेअर कोणतं होतं ते आठवा, एवढाच त्यावर उतारा.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र हिरवा गोल दाखवूनच होतो. डिसेंबर 2018 मध्ये इलेक्ट्रमच्या जाळ्यात भामट्यांनी स्वतःचे सर्व्हर घुसवले. पैसे पाठवायला गेलं की वॉलेटच्याच खिडकीत संदेश यायचा: अमुक दुव्यावरून नवी आवृत्ती घ्या. ज्यांनी घेतली त्यांची नाणी गेली. एकूण 200 बिटकॉइनच्या वर. सर्व्हरनं धाडलेला मजकूर वॉलेट जसाच्या तसा छापत होतं, ही त्यातली फट. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: रक्कम मोठी असेल तर नोड स्वतःचा हवा.

आपल्या शहरानंही स्क्रीनवरच्या आकड्यांची फसवणूक पाहिलीय. 2022 मध्ये नागपूर पोलिसांनी ‘इथर ट्रेड एशिया’ प्रकरणात काही जणांना अटक केली. वेबसाइटवरचे आकडे फुगवून गुंतवणूकदारांना वाढ दाखवली, असा आरोप होता. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात ‘गेनबिटकॉइन’ फसवणूक प्रकरणाच्या तपासाला मदत करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच अटक झाली; आरोपींच्या वॉलेटमधली नाणी वळवल्याचा आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिल्याचा ठपका. म्हणून मी कुणाच्या स्क्रीनशॉटवर निदान करत नाही. व्यवहाराचा क्रमांक घेतो आणि माझ्या नोडला विचारतो. बारा शब्द टाकायची वेळ आली की गिऱ्हाइकाला कीबोर्ड देऊन मी खोलीबाहेर जातो. फोनवरून स्क्रीन ताब्यात घेऊन शब्द विचारणारा ‘कस्टमर केअर’ भेटला असेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

शिल्लक दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला: “विकू का जी आता?” ते सीएला विचारा म्हणतो. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. वजा होते ती फक्त खरेदीची किंमत. तिचा पुरावा बहुधा 2017 च्या एखाद्या ई-मेलमध्ये असतो. तो एक्स्चेंजकडे मागावा, तर कॉइनेक्ससारखं एक्स्चेंज जून 2019 मध्येच बंद झालेलं. मग वॉलेट मिटवून आम्ही जुना मेलबॉक्स उघडतो, आणि पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.