पाटी आणि माल

आठवड्याच्या बाजारात उभे राहून विक्रेत्यांच्या हाळ्या लक्षपूर्वक ऐकल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. सकाळची हाळी दुपारी तशीच राहत नाही. ‘ताजी वांगी’ म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही असे दिसले, की भाजीवाली ‘भरायची वांगी’ असे ओरडू लागते, आणि खरोखरच दोनचार बाया वळून पाहतात. वांगी तीच, टोपली तीच, भावही तोच. परंतु घरी नेऊन त्यांचे काय करावयाचे हे त्या एका शब्दाने कळले. ही बाई व्यापारशास्त्र शिकण्यासाठी कोणत्याही शाळेत गेलेली नसते. समोरच्या माणसांचे पाय कोठे थबकतात आणि कोठे पुढे सरकतात, एवढेच ती पाहते. मालाला नाव कसे द्यावे हे तिला गिऱ्हाईकच शिकविते.

हेच शास्त्र आज एका नव्या बाजारात फार बारकाईने चालू आहे. पॉडकास्ट हा शब्द आपल्या खेड्यांतील मुलांच्याही तोंडी आता रुळला आहे. ज्या वडीलधाऱ्यांना तो अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो. आकाशवाणीचा कार्यक्रम ठराविक वेळी लागतो. पॉडकास्ट मात्र भागाभागांनी प्रसिद्ध होतो, आणि श्रोता शेतावर जाताना किंवा चुलीपाशी बसून आपल्या सवडीने फोनवर तो ऐकतो. बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने २००४ साली ‘गार्डियन’ या वृत्तपत्रातील एका लेखात हा शब्द योजिला, आणि २००५ च्या जून महिन्यात अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये अशा कार्यक्रमांना जागा दिली. आज एका बोटाच्या अंतरावर असे असंख्य कार्यक्रम उभे आहेत. श्रोत्याला त्यांतील कोणाचाही आवाज आधी ऐकू येत नाही. दिसते ते एक चिमुकले चित्र आणि एक ओळ. ती ओळ म्हणजेच त्या भागाचे शीर्षक, दुकानाची पाटी. पाटी वाचून माणूस आत येतो किंवा पुढे जातो.

माझा एक भाचा बेळगावात नोकरी करतो, आणि रविवारी दोघा मित्रांसह खानापूर तालुक्यातील खेड्यांत हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. कुंभार, सुतार, गुराखी, लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाया, असे त्याचे पाहुणे असतात. सुटीत माझ्याकडे आला, की तो आपला संगणक उघडून श्रोत्यांचे आकडे मला दाखवितो. त्याच्या संगतीने जे शिकलो ते येथे मांडतो. कारण आपल्या पुष्कळ घरांतील मुले हाच उद्योग करू लागली आहेत, आणि उरलेले आपण सारे त्यांचे श्रोते आहोत.

यंत्र तीन निरनिराळ्या गोष्टी मोजते, आणि नवशिका मनुष्य त्या तिन्ही एकच समजतो. पहिली गोष्ट अशी, की पाटी किती जणांच्या नजरेस पडली आणि त्यांपैकी किती जणांनी तिला बोट लावले. यूट्यूब हे प्रमाण शेकड्यात देते. त्या कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे निम्म्या वाहिन्यांच्या बाबतीत ते शेकडा २ ते १० यांच्या दरम्यान असते. म्हणजे शंभरांतून नव्वदांहून अधिक माणसे पाटी पाहून पुढे गेली, तरी खचून जाण्याचे कारण नाही. बाजाराची रीतच तशी आहे.

दुसरी गोष्ट, फोनवर उतरलेल्या प्रती. इंटरॅक्टिव्ह अ‍ॅडव्हर्टायझिंग ब्यूरो या संस्थेच्या तांत्रिक शाखेने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे एका मिनिटाच्या ऐकण्यापुरता ध्वनी फोनवर उतरला, की एक प्रत मोजली जाते. त्याच फोनवर चोवीस तासांत पुनःपुन्हा उतरली तरी एकच धरतात. परंतु उतरलेली प्रत म्हणजे ऐकलेली प्रत नव्हे. पुष्कळ फोन मालकाला न विचारता नवे भाग उतरवून ठेवतात. २०२३ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने आपल्या फोनमधील या आपोआप उतरविण्याचा नियम बदलला, तेव्हा मोठमोठ्या कार्यक्रमांचे आकडे खाली आले. श्रोत्यांनी पाठ फिरविली होती असे नव्हे. मापच बदलले होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते: श्रोता कोठपर्यंत थांबला. अ‍ॅपल आणि स्पॉटिफाय या दोन्ही ठिकाणी कार्यक्रम करणाऱ्याला एक रेषा दिसते. आरंभी ती उंच असते. जसजशी माणसे उठून जातात तसतशी ती खाली उतरते. शीर्षकाचे यश पहिल्या आकड्यात दिसते. त्याचा खरेपणा मात्र या रेषेत दिसतो. पुष्कळांनी बोट लावले आणि दोन मिनिटांत बहुतेक निघून गेले, तर पाटीवर एक व दुकानात दुसरेच असे झाले असावे, किंवा आरंभीचे पाल्हाळ तरी फार झाले असावे. उलट थोडेच आत आले, पण आलेले अखेरपर्यंत बसून राहिले, तर माल उत्तम आहे व पाटी मुकी आहे. अशा वेळी आवाजाला हात न लावता केवळ नाव बदलावे. प्रसिद्ध झालेल्या भागाचेही नाव बदलता येते.

भाच्याने तेच केले. त्याच्या आरंभीच्या शीर्षकांत प्रथम कार्यक्रमाचे नाव, मग भागाचा क्रमांक, मग एखादा काव्यमय शब्द असे. फोनचा पडदा अरुंद. लांब ओळ मधेच तुटते. त्यामुळे प्रत्येक भागाच्या पाटीवर तेच तेच पहिले शब्द दिसत, आणि विषय तुटलेल्या भागात नाहीसा होई. क्रमांकासाठी वेगळी जागा असते, तो शीर्षकात लिहू नये, असे अ‍ॅपलनेही सांगून ठेवले आहे. कुंभाराच्या मुलाखतीला त्याने ‘मातीशी नाते’ असे नाव दिले होते. नाव गोड खरे. परंतु काही शोधू पाहणारा मनुष्य फोनवर ‘मातीशी नाते’ असे कशाला लिहील? त्याच्या मनात प्रश्न असतो. भाच्याने लिहिले: ‘घागरीतले पाणी थंड का राहते? खानापूरच्या कुंभाराचे उत्तर.’ त्या जुन्या भागाकडे माणसे पुन्हा वळू लागली. सेमिनरीत आम्हांला प्रवचनकला शिकविणारे एक वृद्ध गुरू प्रवचनाचा विषय एका सरळ वाक्यात लिहून आणल्यावाचून पुढचे कागद पाहत नसत. ते वाक्य ज्याला सापडत नाही, त्याला आपण काय सांगणार हेच उमगलेले नसते. शीर्षकाचेही तसेच आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पावसाच्या दिवशी बाजार रिकामा राहिला, तर दोष हाळीचा नसतो. परीक्षेच्या दिवसांत, सणासुदीत, सुगीत श्रोत्यांची संख्या आपोआप खालीवर होते. म्हणून एका भागाचे पहिले सात दिवस दुसऱ्याच्या पहिल्या सात दिवसांशीच ताडून पाहावेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि शेदोनशे श्रोत्यांत दहापाच वाढले म्हणून त्यातून सिद्धान्त काढू नये. दहापाच माणसे योगायोगानेही येतात.

आकडे पाहून नाव बदलण्याची ही युक्ती मुळीच नवी नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, जिरार्ड नावाच्या गावी, इमॅन्युएल हाल्डमन-ज्यूलियस या प्रकाशकाने १९१९ पासून ‘लिटल ब्लू बुक्स’ ही चिमुकली पुस्तके काढली व ती पुढे पाच सेंटांना विकली. धर्माचा तो काही मित्र नव्हता. परंतु त्याचा हिशेब शिकण्याजोगा आहे. वृत्तपत्रांत तो केवळ नावांची यादी छापी. वाचकाने क्रमांक कळवावा आणि टपालाने पुस्तक मागवावे. म्हणजे येथेही गिऱ्हाइकापुढे पाटीच तेवढी होती. ज्या पुस्तकाच्या वर्षाला १०,००० प्रतीही खपत नसत, ते तो आपल्या ‘इस्पितळात’ पाठवी, आणि तेथले एक नेहमीचे औषध म्हणजे नवे नाव. १९२८ साली त्याने हा सारा अनुभव पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. ‘लोखंडी मुखवट्याचे रहस्य’ अशा अर्थाच्या एका पुस्तकाच्या ११,००० प्रती खपत होत्या. नावात ‘मुखवट्यातील माणूस’ एवढी भर पडताच खप ३०,००० वर गेला. रहस्य मुखवट्याचे नसून माणसाचे आहे, हे आता पाटीवरच उमटले. याला मी प्रामाणिक सुधारणा म्हणेन.

पण त्याच हिशेबात दुसरेही उदाहरण आहे. गोतिए या फ्रेंच लेखकाच्या ‘सोनेरी लोकर’ या अर्थाच्या कथेच्या ६,००० प्रती खपत होत्या. ‘सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध’ अशा अर्थाचे, किंबहुना याहून थोडे अधिक उत्तान नाव मिळताच त्या ५०,००० झाल्या. नाव खोटे होते काय? खोटे नव्हते, नायक तसा शोध करतोच. परंतु तो भाळतो ते अँटवर्पच्या कॅथेड्रलमधील रूबेन्सच्या चित्रात, क्रूसावरून उतरविलेल्या प्रभूजवळ असलेल्या मरिया मग्दालेनेच्या रूपावर. त्या वाढलेल्या ४४,००० प्रतींपैकी किती जणांनी कथा अखेरपर्यंत वाचली, हे सांगणारी रेषा त्या काळी नव्हती.

आपल्या काळातील हिशेब याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अपवर्दी’ या संकेतस्थळाचे संपादक एकेका मजकुरासाठी पंचवीस पंचवीस मथळे लिहीत आणि त्यांतील निवडक मथळे वाचकांवर पारखून पाहत. त्या पारखीची नोंद पुढे संशोधकांच्या हाती आली. सुमारे १,०५,००० मथळे आणि सुमारे ५७ लाख वेळा लागलेली बोटे तपासून त्यांनी २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: सरासरी लांबीच्या मथळ्यात दुःख, अनिष्ट किंवा वैर सुचविणारा एकेक शब्द वाढला, की बोट लावणारे शेकडा २.३ ने वाढतात. चांगल्या अर्थाच्या शब्दांनी ते घटतात. तेव्हा जो केवळ पहिल्याच आकड्याचा आज्ञाधारक होईल, त्याला तो आकडा हळूहळू कोणत्या दिशेला नेईल हे सांगावयास ज्योतिषी नको.

भाच्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. त्याने एका वृद्ध सुईणीची मुलाखत घेतली होती. पन्नास मिनिटे ती आजी आपल्या चाळीस वर्षांच्या कामाविषयी बोलली: पोटावर हात ठेवून आडवे मूल कसे ओळखले, कोणत्या खुणा दिसताच हट्टाने गाडी जुंपावयास लावली, पैसे नसलेल्या घरातून मूठभर तांदूळ घेऊन कशी परतली. त्यात दोनतीन मिनिटे एका रात्रीची हकीकत होती. ओढ्याला पाणी आले, गाडी अलीकडेच अडली, आणि मूल जगले नाही. मित्रांनी आकडे समोर ठेवले. भुताखेताच्या व अपमृत्यूच्या दोन भागांनाच सर्वाधिक बोटे लागली होती. म्हणून त्यांनी नाव सुचविले: ‘माझ्या हातांत मूल गेले.’

“मामा, यात खोटे तर काहीच नाही ना?” भाच्याने मला विचारले.

शब्द सारे खरे होते. तथापि चाळीस वर्षांपैकी एक रात्र उचलून ती पाटीवर टांगली, म्हणजे त्या बाईच्या आयुष्याविषयी ती पाटी खोटे बोलते. शिवाय त्या मुलाची आई त्याच गावात राहते. मी एवढेच म्हणालो, “हे नाव तू आजींच्या ओसरीवर बसून मोठ्याने वाचू शकशील का, ते पाहा.” तो काही बोलला नाही. त्या रात्री तो आकडेच घेऊन बसला. परंतु या वेळी बोटांचे नव्हे, तर थांबलेल्यांचे. त्याला असे आढळले, की ज्या ज्या ठिकाणी म्हातारी माणसे आपले काम कसे करतात हे सांगतात, तेथे ती रेषा जवळजवळ खाली उतरतच नाही. सकाळी त्याने लिहिले: ‘अडलेल्या बाईला दवाखान्यात केव्हा न्यावे? एका सुईणीची चाळीस वर्षे.’

भुताच्या भागाइतकी माणसे या भागाकडे आली नाहीत, हे खरे आहे व ते लपविण्याचे कारण नाही. पण आलेल्यांपैकी बहुतेक शेवटपर्यंत थांबली; आणि इतर भाग पंधरा दिवसांत विसरले जात असता हा भाग महिन्यामागून महिने कोणी ना कोणी उघडीत आहे. आजींना लिहितावाचता येत नाही. नातीने त्यांना नाव वाचून दाखविले आणि सारा भाग ऐकविला. “बरोबर लिहिलंय पोरांनी,” एवढेच त्या म्हणाल्या.

वाचकहो, हे सारे आकडे आकाशातून पडत नाहीत. ते आपल्याच बोटांनी लिहिले जातात. भडक पाटी पाहून आपण कुतूहलाने एखादा भाग उघडतो आणि अर्ध्या मिनिटात बंद करतो. आपल्या दृष्टीने ती क्षणाची करमणूक असते, परंतु तिकडे ती भडकपणाच्या बाजूने पडलेली एक चिठ्ठी ठरते. तसेच एखादे साधे, सरळ नाव वाचून आपण आत गेलो आणि शेवटपर्यंत ऐकले, तर तेही तेथे नोंदले जाते, आणि कोठे तरी एखाद्या मुलाला पुढच्या वेळी खरे नाव देण्याचे बळ मिळते. ज्यांच्या घरांतील मुले असे कार्यक्रम करतात त्यांनी, किती जण आले हे विचारण्यापूर्वी, किती जण बसून राहिले हे त्यांना विचारावे. बाजारातील त्या भाजीवालीलाही पुढच्या आठवड्यात त्याच गिऱ्हाइकापुढे उभे राहावयाचे असते. म्हणून ती वांग्यांना भरायची म्हणते, आंबे म्हणत नाही.