ठाणे स्टेशनातला निरोप

डोंबिवलीत आमच्या घरासमोर मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत दुपार कलली की सनई थांबते, स्पीकरवर लताबाईंचा आवाज येतो आणि मी हातातले काम बाजूला ठेवतो. पाठवणीची वेळ झालेली असते. परवा नवरी गाडीत बसली होती. आईने खुणेनेच काच खाली करायला सांगितली आणि लेकीच्या हिरव्या चुड्यावरून नुसता हात फिरवला. तोंडातून शब्द फुटला नाही. बोलायचे ते सगळे गाणे बोलत होते.

‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’ हे ते गाणे पी. सावळारामांचे, चाल वसंत प्रभूंची. सांगली जिल्ह्यातल्या येडे निपाणीचे निवृत्ती रावजी पाटील, ते हे सावळाराम. ठाण्यात राहिले, ठाण्याचेच झाले. ठाणे स्टेशनात गाडी सुटताना एका आईने लेकीला दिलेला निरोप त्यांच्या कानी पडला आणि त्यातून हे गाणे सुचले, असे सांगतात. त्या फलाटावरून माझी रोजची ये-जा आहे. गर्दीत शिरलो की मला माझ्या डब्यापलीकडे काही दिसत नाही. त्यांना मात्र एका परक्या बाईचे आतडे तुटताना ऐकू आले.

परक्याच्या जिवात असे शिरणाऱ्या कवीला इंग्रज कवी कीट्सने ऑक्टोबर 1818 मधल्या एका पत्रात सरड्याची उपमा दिली आहे. कवीला स्वतःचे असे रूपच नसते, तो सदा दुसऱ्या कुणाच्या तरी देहात वावरतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे सरडा म्हटला की लबाडी आठवते. मला आपला परकायाप्रवेश हाच शब्द जवळचा वाटतो. शेलीचा बाणा निराळा. 1821 साली लिहिलेल्या निबंधात त्याने कवींना जगाचे कायदे घडवणारे मानले, फक्त जग त्यांना तो मान देत नाही. आपल्या केशवसुतांनी 1901 मध्ये ‘आम्ही कोण?’ लिहिली, तीही अशीच ताठ मानेने.

सावळाराम तर ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. नळ, गटारे, रस्ते यांचा कारभार पाहणारा आणि आईच्या काळजात शिरणारा माणूस एकच. नगरपालिकेत त्यांनी कोणते ठराव केले, ते आज कुणी आठवत नाही. पण लेक निघताना मराठी आईने काय म्हणावे, हे त्यांनी घालून दिले आणि घरोघरी ते पाळले जाते.

परवा गाडी वळून दिसेनाशी झाली. पोरांनी खुर्च्या आवरायला घेतल्या. गाणे संपेपर्यंत ती आई फाटकाशी उभी होती.