निलगिरीच्या पायथ्याशी

कोइमतूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सुमारे ३५ किलोमीटरवर मेट्टुपाळयमला पोचतो आणि तेथे सपाटी संपते. जवळून भवानी नदी वाहते, सभोवार सुपारीच्या बागा आहेत आणि समोर निलगिरीचा निळसर पहाड उभा राहतो. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटर उंचीवर, तर उदकमंडलम २,२०० मीटरांच्याही वर. कुन्नूरपर्यंतच्या घाटातच १४ अवघड वळणे आहेत.

आमच्या जुन्या मोटारीने कोइमतूर सोडल्यापासून एक बारीक, लांबट सूर धरला होता. मागच्या आसनावरून आई म्हणाली, "अरे, ही कण्हते आहे." मी ते हसण्यावारी नेले. कुन्नूरला खोली ठरलेली होती आणि दिवस कलण्यापूर्वी घाट चढावयाचा होता. परंतु मेट्टुपाळयमला चहासाठी थांबलो तेव्हा आईने पुन्हा तोच विषय काढला. म्हणून उभ्या गाडीतच इंजिन चालू ठेवून वेग वाढवून पाहिला. चाके स्थिर होती, तरी सूर चढला. म्हणजे दुखणे चाकांचे नसून इंजिनाकडचे होते.

बाजारातील एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. त्यांना मराठी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते. मी त्यांना "अण्णा" म्हटले. थोरल्या भावाला तमिळमध्येही अण्णाच म्हणतात. ते हसले आणि कामास लागले. प्रथम त्यांनी सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावयास लावले. आवाज वाढला नाही, तेव्हा सुकाणूच्या पंपावरचा संशय कमी झाला. मग दिवे लावले. विजेचा भार वाढूनही सूर बदलला नाही. नंतर लांब पेचकसाचे टोक एकेका भागाच्या स्थिर कवचावर टेकवून त्यांनी मूठ कानाशी धरली. वैद्याने नळीने छाती तपासावी तसे ते ऐकत होते. फिरत्या पट्ट्यापासून हात आणि कपडे मात्र त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले.

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा काढला आणि क्षणभरच इंजिन चालविले. सूर नाहीसा झाला! दोषी पट्ट्यावर फिरणाऱ्यांपैकीच कोणी तरी होता. त्यांनी एकेक कप्पी हाताने फिरविली. पाण्याच्या पंपाची कप्पी खरखरली आणि किंचित डुगडुगली. पंपाखाली पाणी झिरपून वाळल्याची पांढरट रेघही होती. "बेअरिंग," अण्णा म्हणाले. हा शब्द आम्हां दोघांच्याही भाषेतला होता!

हा पंप इंजिनातून पाणी खेळवितो. त्याचे बेअरिंग चढणीवर जखडले असते तर पट्टा तुटून पाणी थांबले असते आणि अल्पावधीत इंजिन तापून निकामी झाले असते. तेही अरुंद घाटात, संध्याकाळी, वृद्ध आईसह! खोलीच्या पैशांचा विचार मग मनात राहिला नाही. नवा पंप कोइमतूरहून दुसऱ्या दिवशी येणार होता. आम्ही मुक्काम केला.

सकाळी आईला स्टेशनवर नेले. १९०८ साली उदकमंडलमपर्यंत पोचलेली आणि २००५ साली जागतिक वारशात गणली गेलेली ही डोंगरी आगगाडी ४६ किलोमीटर धावते. कल्लार ते कुन्नूर या खड्या चढणीवर रुळांमधील दातेरी पट्टीचा आधार घेत वाफेचे इंजिन डब्यांना मागून ढकलते. वाटेत ते पाणी पिण्यासाठी थांबते, हे ऐकून आई म्हणाली, "पाहा, इंजिनालाही तहान लागते, आणि त्याचे ऐकणारेही आहेत."

दुपारी गाडी दुरुस्त झाली. अण्णांनी आईला वाकून नमस्कार केला, आईने त्यांना आशीर्वाद दिला. बर्लियारला फळांच्या दुकानांशी थांबलो, मँगोस्टीन घेतले. तेथून पुढे एकेक वळण मागे पडत गेले. खिडकीतून गार वारा येत होता. बराच वेळ कान देऊन बसलेली आई अखेर निश्चिंतपणे झोपी गेली.