धडधड

छातीतल्या धडधडीशी माझी ओळख ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर शहरातलं आमचं घर तगलं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात मात्र दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्यानंतर कितीतरी रात्री आमची अख्खी गल्ली उघड्यावर झोपायची. रस्त्यावरून ट्रक गेला तरी माझं काळीज उडायचं. आजी पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "भ्यालंय लेकरू." सगळेच भ्यायलेले होते, त्यामुळे धडधडीचं कारण कुणी कुणाला विचारलं नाही.

पुढे 'लातूर पॅटर्न'मध्ये बारावी केली. सराव परीक्षेच्या सकाळी हात गार पडायचे, पोटात गोळा यायचा. तेही सगळ्यांचंच होतं.

नांदेडला नोकरीला लागले, संसार मार्गी लागला, आणि धडधड कारणाशिवाय येऊ लागली. एकदा वजिराबादेत भर बाजारात दरदरून घाम फुटला, आता आपण संपलो असं वाटलं. दवाखान्यात मनगटांना, घोट्यांना चिमटे लावले, छातीवर गार जेल चोपडलं. यंत्रातून कागदाची गुलाबी चौकटींची पट्टी सरकत बाहेर आली. ठोके जलद होते, पण लय बरोबर होती. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलं तरी धडधड होते, म्हणून त्याही तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल निघालं.

घरी सगळ्यांना हायसं वाटलं. मी मात्र एकटी पडले. "रिपोर्ट तर चांगले आलेत, मग काय व्हायलंय तुला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मनोविकारतज्ज्ञांकडे मिळालं. मन घाबरलं की अॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं आणि हृदय खरोखरच जोरात धावतं. मग त्या ठोक्यांचीच भीती बसते आणि ठोके आणखी वाढतात. म्हणजे धडधड खरी होती, फक्त तिचा उगम हृदयात नव्हता.

त्यांनी एस्सिटालोप्रॅम सुरू केलं, आधी कमी मात्रेत. पहिले काही दिवस मळमळेल, झोप उडेल, क्वचित धडधडही वाढेल. गुण यायला मात्र काही आठवडे लागतील, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. झालंही तसंच. ज्या त्रासासाठी गोळी घेतली, तोच त्या आठवड्यात दुप्पट वाटला. मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मात्रा वाढवणं पुढे ढकललं आणि पुन्हा ईसीजी काढायला लावला. जास्त मात्रेत या औषधाने ईसीजीवरचं क्यूटी हे अंतर लांबू शकतं. अॅझिथ्रोमायसिनसारखी काही औषधं सोबत असली तर जोखीम वाढते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगायची. बरं वाटलं तरी हे औषध एकदम तोडायचं नसतं. चक्कर येते, डोक्यात झिणझिण्या येतात. ते हळूहळू उतरवतात.

महिनाभरात धडधड ओसरली. अधूनमधून अजून येते, पण आता मी तिला घाबरत नाही.

आज माझी भाची लातूरला नीटची तयारी करते. ट्यूशनच्या त्या गर्दीतल्या कितीतरी पोरांची छाती रात्री उडत असेल, आणि "अभ्यासाचं टेन्शन आहे" एवढ्यावर त्यांची बोळवण होत असेल. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, धाप लागली तर तडक दवाखाना गाठायचा. गोळ्या सुरू झाल्यावर अस्वस्थता वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं; पंचविशीच्या आतल्यांना हे जास्त जपावं लागतं. बोलायला कुणीच नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो.

परवा तिचा फोन आला, "मावशी, रात्री छातीत लई धडधड व्हायलीय." मी म्हटलं, "ईसीजी काढू आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवू. रविवारी येते, दोन्हीकडे सोबत जाऊ."