एकाच टेबलावर तीन पलटणी

एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. आज ‘वॉरहॅमर ४०,०००’सारख्या खेळांसाठी साधारण २८ मिलिमीटर मापाचे सैनिक खेळाडू स्वतः रंगवतात आणि बहुधा एकापेक्षा अधिक पलटणी एकदम हाती घेतात.

यामागे रंगकामाचाच तर्क आहे. प्रायमर, मूळ रंग, खाचांत उतरणारा पातळ वॉश आणि कडांवरचा उजळ हात, असे थर क्रमाने चढतात. वॉश पुरता वाळेपर्यंत त्या सैनिकाला हात लावता येत नाही. तो वेळ दुसऱ्या पलटणीला मिळतो. काढलेला तपकिरी रंग एकाच्या पट्ट्याला, दुसऱ्याच्या बंदुकीच्या दस्त्याला, तिसऱ्याच्या घोड्यालाही लागतो.

धोकाही खरा आहे. काही महिन्यांनी रंगमिश्रणाचे प्रमाण आठवत नाही आणि एकाच पलटणीत दोन छटा दिसतात. म्हणून प्रत्येक पलटणीचे रंग वहीत नोंदवावेत, पाच-दहा सैनिकांचे गट करावेत आणि एक गट पुरा झाल्याखेरीज सैनिकांचा नवा डबा उघडू नये. अनेक कामे एकत्र चालवणे हा दोष नाही. ती पूर्णत्वाला नेण्याची शिस्त मात्र हवीच.