अब्बांची तीन हजार पावले

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये, अशी सूचना आली. सूचना योग्यच होती, कारण कोरोनाचा धोका त्यांनाच अधिक होता. पण घरात राहणे वेगळे आणि एका जागी बसून राहणे वेगळे. हा फरक आमच्या घरात माझ्या सासऱ्यांमुळे कळला.

अब्बा तेव्हा ७३ वर्षांचे होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून काम करून निवृत्त झालेले. व्यायाम त्यांनी कधी केला नाही, कारण गरजच पडली नाही. मिरजेतील आमच्या घरापासून मोहल्ल्याची मस्जिद तीनशे पावलांवर आहे. पाच वेळा जाणे आणि पाच वेळा येणे, म्हणजे दिवसाला तीन हजार पावले. शिवाय फजरनंतर दूध आणायचे, असरनंतर मंडईत चक्कर, कोणी आजारी असेल तर विचारपूस करून यायचे, मय्यत झाली तर कब्रस्तानापर्यंत चालत जायचे.

मस्जिदीतील जमात बंद झाली आणि हे सारेच थांबले. अजान होई, अब्बा वुजू करून खोलीतच नमाज पढत आणि पुन्हा पलंगावर जाऊन बसत. दोन-तीन आठवड्यांत सजद्यातून उठताना त्यांचा हात भिंत शोधू लागला. एके दिवशी जुहरनंतर ते म्हणाले, ‘‘बेटी, उद्यापासून नमाजसाठी खुर्ची ठेव.’’

ज्याला उठता-बसता येत नाही त्याला शरीअतने सवलत दिली आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण महिन्यापूर्वी मंडईतून भाजीची पिशवी उचलून आणणारा माणूस खुर्ची मागत होता. आम्ही डॉक्टरांना फोन केला. छातीत दुखते का, चक्कर येते का, दम लागतो का, साखर किती आहे, हे सर्व त्यांनी विचारले. मग म्हणाले, ‘‘उतारवयात पाय वापरले नाहीत, तर मांडीचे स्नायू फार लवकर अशक्त होतात. हळूहळू वापरायला लावा, ताकद परत येईल.’’

माझ्या मुलाने मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ दाखवले. अब्बांनी दोन दिवस हात-पाय हलवले आणि सोडून दिले. म्हणाले, ‘‘जागच्या जागी पाय हलवून मी पोचणार कुठे?’’

त्यांच्या प्रश्नातच उत्तर होते. अब्बा चालण्यासाठी कधी चाललेच नव्हते. ते कुठेतरी पोचण्यासाठी चालत. मस्जिद, मंडई, कोणाचे तरी दार. आता घरातच त्यांना जाण्याचे कारण हवे होते.

ते कारण अम्मींनी शोधले. जुन्या डब्यांत मेथी आणि कोथिंबीर पेरून डबे गच्चीवर ठेवले आणि सांगितले, ‘‘पाणी घालणे तुमच्याकडे.’’ जिना सोळा पायऱ्यांचा. कठडा धरून अब्बा फजरनंतर एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा, हातात छोटा तांब्या घेऊन वर जाऊ लागले. प्रत्येक वुजूआधी खुर्चीत बसून हात न टेकता दहा वेळा उठायचे. पहिल्या दिवशी चारच वेळा जमले. ओटा धरून टाचा उचलायच्या. फरशीच्या रेघेवरून एका पावलापुढे दुसरे पाऊल टाकत चालायचे. त्यात नातू शेजारी असे, तोल गेला तर हात द्यायला. वेळेची आठवण अजानच करून देई.

२५ एप्रिलला पहिला रोजा होता. त्या वर्षी तरावीह घरीच झाली. वीस रकअत म्हणजे चाळीस सजदे. सुरुवातीला अब्बा आठ रकअत उभ्याने आणि उरलेल्या बसून पढत. उन्हामुळे रोज्यात गच्चीची दुसरी फेरी इफ्तारनंतर होऊ लागली. शेवटच्या अशऱ्यात ते सोळा रकअतपर्यंत उभे राहू लागले. खुर्ची जवळच असे, पण उठताना टेकायला.

नमाज ही इबादत आहे, ती कसरत समजून पढायची नसते. मात्र ती उभ्याने अदा करता यावी म्हणून गुडघे आणि कंबर जपणे, ही अल्लाहने दिलेल्या अमानतीची राखण आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शारीरिक हालचालीविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे त्यांत म्हटले आहे. तोल सांभाळता आला तर पडण्याचा धोका कमी होतो, आणि म्हातारपणी एक पडणे किती महाग पडते, हे आपण जाणतोच.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या हातातली पिशवी आदराने काढून घेतात आणि म्हणतात, ‘‘तुम्ही बसा.’’ आदर हवाच, पण त्यांना झेपेल असे एखादे रोजचे काम त्यांच्याकडे राहू द्यावे. आजार असेल तर डॉक्टरांना विचारून, जिन्याला कठडा आणि ओल्या फरशीवर पायपुसणे आहे ना ते पाहून. मस्जिदी पुन्हा उघडल्या, तेव्हा अब्बा तीनशे पावले आपल्या पायांनी चालत गेले. कोथिंबिरीला पाणी घालण्याचे काम मात्र त्यांनी आजही कोणाला दिलेले नाही.